आरोग्य आणि मानवतावादी लघुपटांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ज्यूरीतल्या डॉक्टरने नेमकं काय पाहायचं?

ओपीडी_खोली_७

नमस्कार मंडळी,
परदेशातल्या एका महोत्सवाच्या ज्यूरीत 'आरोग्यक्षेत्रातील सदस्य' म्हणून निमंत्रण आहे. विषय आरोग्य आणि मानवतावादी काम. ज्यूरी पाच जणांची: दोन दिग्दर्शक, एक संकलक, मदतसंस्थेतली एक व्यक्ती आणि मी. पूर्वनिवड होऊन ४८ फिल्म आमच्याकडे येणार आहेत. त्यातल्या ४१ फिल्म ३ ते २० मिनिटांच्या आहेत, उरलेल्या ७ साधारण ४० मिनिटांच्या. सगळं लिंकवर पाहायचं, तीन आठवड्यांची मुदत, आणि शेवटी एक दिवस एकत्र बसून निर्णय.

गुणपत्रिका आली आहे. आशय १०, कलात्मकता १०, तांत्रिक बाजू १०, परिणाम १०. वैद्यकीय अचूकतेला रकानाच नाही.

१. फिल्ममध्ये वैद्यकीय चूक दिसली तर गुण कुठून आणि किती कापायचे?
२. रुग्णांची संमती घेतली होती का, हे तपासणं ज्यूरीचं काम आहे का?
३. सिनेमाचं शिक्षण नसलेल्याने 'कलात्मकता' या रकान्यात काय भरायचं?
४. होकार देण्याआधी आयोजकांना काय विचारून ठेवावं?

---

तिसरी_घंटा

चौथ्यापासून सुरू करतो, कारण तो आधी निपटला नाही तर बाकीचे तीन तुमच्या हातात राहत नाहीत.

ईमेलवर लेखी विचारा: पुरस्कार किती, प्रत्येक विभागात पुरस्कार दिलाच पाहिजे की 'या वर्षी कुणालाही नाही' म्हणता येतं? पुरस्कार विभागून देता येतो का? विशेष उल्लेख किती? मतं समान पडली तर अध्यक्षांचं मत निर्णायक का? पूर्वनिवडीत गळालेली फिल्म ज्यूरी परत मागवू शकते का? आणि प्रायोजकाचा वेगळा पुरस्कार असेल तर तो ठरवतं कोण? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर तो पुरस्कार ज्यूरीच्या नावाने जाहीर होणार नाही एवढं लेखी घ्या.

हितसंबंधाचं निवेदन यादी हातात आल्या दिवशीच द्या. निर्मितीत किंवा वितरणात हिस्सा असलेल्या माणसाने स्पर्धेच्या ज्यूरीत बसू नये, हा सर्वमान्य नियम आहे. डॉक्टरांच्या बाबतीत मात्र तो पुरा पडत नाही. तुमच्या रुग्णालयात चित्रीकरण झालंय, तुमचा जुना विद्यार्थी सल्लागार आहे, फिल्मला पैसा देणाऱ्या संस्थेच्या समितीवर तुम्ही आहात, या तिन्ही गोष्टी श्रेयनामावलीत दिसतीलच असं नाही. अशा फिल्मला गुण देऊ नका आणि तिच्यावर चर्चा चालू असताना खोलीबाहेर थांबा. मत न देता खोलीत बसून राहणं पुरेसं नाही. समोर ओळखीचा बसलेला असला की बाकीचे चौघे मोकळेपणी बोलत नाहीत.

महोत्सवाची जातकुळीही आधी ओळखा. जागतिक आरोग्य संघटनेचा 'हेल्थ फॉर ऑल' महोत्सव २०२० पासून आहे. तिथे मुख्य विभागातल्या फिल्म ३ ते ८ मिनिटांच्या असतात आणि ज्यूरीत सिनेकलावंतांबरोबर संघटनेतले तज्ज्ञ बसतात. तिथे तुम्ही जे बोलाल ते आरोग्यसंदेशाच्या मापाने तोललं जातं. बल्गेरियातल्या वार्नाचा रेड क्रॉस आणि आरोग्यपटांचा महोत्सव १९६५ चा. योगायोग असा की रेड क्रॉसची सात मूलभूत तत्त्वं त्याच साली व्हिएन्नात मंजूर झाली, आणि त्यातलं एक म्हणजे तटस्थता. याउलट जिनिव्हाचा मानवाधिकार महोत्सव (२००३ पासून) किंवा प्रागचा 'वन वर्ल्ड' (१९९९ पासून) घ्या. तिथे दोषी कोण ते नाव घेऊन सांगणारी फिल्म हवी असते. बॉम्ब पडलेल्या रुग्णालयावरची एकच फिल्म दोन ठिकाणी दोन वेगळ्या कारणांनी जिंकते किंवा हरते. मदतसंस्थेतले सदस्य बोट दाखवणाऱ्या फिल्मबद्दल जपून बोलू लागले तर त्याला भित्रेपणा समजू नका. त्यांच्या माणसांना उद्या त्याच सीमेवरून आत जायचं असतं.

आता वेळ. ४१ फिल्म सरासरी १० मिनिटांच्या धरल्या तर ४१० मिनिटं. सात फिल्म ४० मिनिटांच्या, म्हणजे २८०. एकूण साडेअकरा तास. प्रत्येकीमागे टिपणाला ५ मिनिटं धरा, ते चार तास. शेवटी उरलेल्या दहा-बारा फिल्म पुन्हा पाहायला अडीच तास. झाले १८. दीड-दीड तासाच्या १२ बैठका, आठवड्याला चार. एका बैठकीत सहा-सात छोट्या फिल्मच्या वर जाऊ नका. सलग चौथी फिल्म मृत्यूची असेल, तर पाचव्या साध्यासुध्या फिल्मला उगाच जास्त गुण पडतात. यादीतला क्रमही बदलून घ्या. पाचही जण क्रमांक १ पासून सुरू करतात आणि चाळिशीनंतरच्या फिल्म सगळ्यांच्याच दमलेल्या डोळ्यांपुढे येतात.

फोनवर पाहू नका. हेडफोन लावा. लिंक ठरावीक दिवसांनी बंद होते, म्हणून दुसऱ्यांदा पाहण्याची सोय आधी मागून ठेवा.

आणि गुणांची बेरीज. हे उदाहरण जपून ठेवा, बैठकीत लागेल. फिल्म 'क' ला पाच जणांनी दिले ८, ८, ८, ८, ३, म्हणजे ३५. फिल्म 'ख' ला ७, ७, ७, ७, ९, म्हणजे ३७. पाचातल्या चौघांना 'क' जास्त आवडली, जिंकली 'ख'. कारण एकच सदस्य ३ ते ९ असा पसरून गुण देतो आणि बाकीचे ७ ते ८ मध्ये कुचंबून बसतात. ज्याची पट्टी रुंद, त्याच्या हाती निकाल. क्रमांकांची बेरीज केली तर 'क' ला ६ आणि 'ख' ला ९, कमी बेरीज वर, प्रश्न मिटला. म्हणून गुण फक्त ४८ वरून १२ वर येण्यापुरते वापरा. पुढे क्रमांक आणि चर्चा.

---

मीठ_साखर_पाणी

प्रश्न १ बद्दल. वैद्यकीय चुकीला गुण कापूच नका. ४० पैकी २ गुण कापून धोकादायक फिल्म बक्षिसातून बाहेर पडत नाही आणि किरकोळ चुकीची चांगली फिल्म विनाकारण मागे पडते. त्यापेक्षा एक उंबरठा ठेवा: ही फिल्म पाहून कुणी तसं वागलं तर इजा होईल का? 'हो' असेल तर फिल्म चर्चेला घ्यायची, पण लेखी हरकतीसह. 'नाही' असेल तर डॉक्टरने तोंड मिटून प्रेक्षक व्हायचं.

मीठ-साखर-पाण्याचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं २०.५ ग्रॅमचं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं. फिल्ममधली आई तेच पाकीट एका पेल्यात ओतून बाळाला पाजते, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, मागे सुरेख बासरी. इथे उंबरठ्यावरचं उत्तर 'हो', म्हणजे लेखी हरकत, कारण इतकं दाट द्रावण बाळाच्या रक्तातलं सोडियम चढवतं. पण २०० मिलिची छोटी पाकिटंही मिळतात, तेव्हा हरकत घेण्याआधी चित्र थांबवून पाकिटाचा आकार पाहा. घरगुती द्रावणात प्रमाण दाखवलं असेल तर १ लिटरला ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा शीग भरलेला दिसला तरी प्रमाण बिघडलं.

छातीवर दाब देण्याचं दृश्य वेगळं. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, कोपरं ताठ. जिवंत नटाच्या छातीवर हे खरोखर करता येत नाही, म्हणून कथापटात कोपरं वाकलेली दिसणारच. कथापटाला ते माफ. पण फिल्म 'शिकवते' असं म्हणत असेल तर पुतळा वापरून जवळचं दृश्य घ्यायला हवं होतं, तिथे माफी नाही.

फिटच्या दृश्यात तोंडात चमचा कोंबणं किंवा चप्पल-कांदा हुंगवणं, सर्पदंशात दोरी करकचून बांधणं, चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, या ठरलेल्या चुका. इथे एक फरक पाहा. पात्र चूक करतं आणि फिल्म तिचा परिणाम दाखवते, तर ती चूक पात्राची. पात्र चूक करतं आणि पुढच्या दृश्यात रुग्ण हसत उठतो, तर ती चूक फिल्मची.

साल नीट पाहा. क्षयरोगाच्या गोळ्या एक दिवसाआड घेताना दाखवणारी २०१४ ची भारतीय फिल्म चुकीची नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात तेव्हा तीच पद्धत होती, देशभर रोजच्या गोळ्या २०१७ पासून आल्या. तसंच परदेशातल्या उपचारक्रमाला आपल्या पुस्तकाची पट्टी लावू नका.

कुष्ठरोगावरच्या फिल्म या महोत्सवांत हटकून येतात. बहुविध औषधोपचार ६ किंवा १२ महिन्यांचा असतो आणि तो सुरू झाला की संसर्गाचा धोका झपाट्याने जातो. तरी फिल्मचा शेवट झडलेल्या बोटांवर आणि गावाबाहेरच्या झोपडीवर होत असेल, तर ती नकळत जुनीच भीती विकते. 'कुष्ठरोगी' की 'कुष्ठरोगबाधित व्यक्ती', हे सबटायटलमध्ये बघा. मूळ भाषेत पात्र नीट बोलतं आणि इंग्रजी सबटायटल जुना हिणवणारा शब्द वापरतं, असं पुष्कळदा होतं. तो दोष अनुवादकाचा धरा.

आत्महत्येच्या विषयात पद्धत, साधन, जागा यांचा तपशील दिसतो का ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची खास चित्रपटकर्त्यांसाठीची पुस्तिका आहे, छोटी आहे, पहिल्या बैठकीआधी वाचून घ्या. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट असलेली दृश्यं प्रकाशाने फिट येणाऱ्या प्रेक्षकाला धोक्याची असतात. त्यासाठी फिल्म मागे ओढू नका, आयोजकांना कळवून आधी सूचना लावायला सांगा.

आणि पडद्यावरचे आकडे. 'दर चारपैकी एक' आलं की विचारा: कुठल्या चारांपैकी? कुठल्या वर्षी?

---

शेवटची_रांग

मीठ_साखर_पाणी यांच्या उंबरठ्याशी सहमत, पण त्याच्याही आधी एक पायरी आहे. तुमचा प्रश्न २. कागद तपासणं आयोजकांचं काम. शंका उपस्थित करणं ज्यूरीचं. कारण आयोजकांकडे बहुधा 'सर्व परवानग्या घेतल्या आहेत' या चौकटीत दिग्दर्शकाने केलेली एक खूण असते, बाकी काही नसतं.

शंका कुठे यावी? रुग्ण बेशुद्ध आहे, किंवा वेदनेत आहे, आणि कॅमेरा चेहऱ्यावर आहे. कुपोषित मूल उघडं आहे. केसपेपर, खाटेचा क्रमांक, मनगटावरची पट्टी वाचता येते. चेहरा धूसर केलाय पण आवाज तोच, गोंदण तेच, घराचं दार तेच आणि खाली सबटायटलमध्ये गावाचं नाव. छावणीतली बाई बोलते आहे आणि तिचे नातेवाईक अजून मागे राहिलेत. यातलं काही दिसलं की वेळ (मिनिट-सेकंद) लिहून ठेवा आणि आयोजकांमार्फत तीन गोष्टी विचारा: संमती कुठल्या भाषेत घेतली, कुणी घेतली, आणि बरं झाल्यावर पुन्हा विचारलं का? चौथी गोष्ट लोक विसरतात. संमती महोत्सवापुरती की ऑनलाइन प्रदर्शनासाठीही? पुरस्कार मिळाला की फिल्म ऑनलाइन जाते, म्हणजे तुमच्या निर्णयाने त्या माणसाचा चेहरा जगभर फिरणार असतो. उपचार देणाऱ्यानेच संमती घेतली असेल तर तिची किंमत कमी धरा. सलाईन लावणाऱ्याला कोण नाही म्हणणार?

भारतात चित्रित झालेल्या फिल्मबद्दल परदेशी सदस्य तुमच्याकडेच बघणार, म्हणून एवढं पाठ असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २४: मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचं छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ प्रमाणे एखाद्याची एचआयव्ही स्थिती उघड करायला त्याची माहितीपूर्ण संमती लागते. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाची ओळख माध्यमांत उघड करायला पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम २३ ची मनाई आहे. यात नाव, पत्ता, छायाचित्रच नाही, तर शाळा आणि शेजारही येतो.

युद्धाच्या फिल्ममध्ये युद्धकैद्यांचे चेहरे दिसले तर १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं १३ वं कलम आठवा. कैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण द्यायचं असतं.

लाल क्रॉसचं चिन्हसुद्धा. ते दवाखान्याचं सर्वसाधारण चिन्ह नव्हे, ते संरक्षित चिन्ह आहे, आणि आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने त्याच्या वापरावर बंधन आहे. (आपल्याकडे डॉक्टरच्या गाडीच्या काचेवरही ते सर्रास दिसतं, ते सोडा.) कथापटात औषधाच्या दुकानावर लाल क्रॉस रंगवलेला दिसला तर मदतसंस्थेतले सदस्य दचकतील, त्यांना हसू नका.

एक मोजपट्टी मात्र छापून समोर ठेवण्यासारखी आहे. रेड क्रॉस आणि मदतसंस्थांची १९९४ ची आचारसंहिता, दहावं कलम: आपद्ग्रस्तांना प्रसिद्धीत हताश वस्तूंसारखं नव्हे, तर सन्मान असलेली माणसं म्हणून दाखवायचं. व्यवहारात मी ते असं लावतो. फिल्ममध्ये ज्याच्यावर संकट आलं त्याला किती वाक्यं आहेत आणि मदत करणाऱ्याला किती? त्याला नाव आहे का? तो काही ठरवतो का, की फक्त ताट पुढे करतो? दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये पहिला रुग्ण सातव्या मिनिटाला बोलत असेल, तर ती फिल्म संस्थेची जाहिरात आहे.

---

कैची_आणि_चिकटपट्टी

वरच्या तिघांनी डॉक्टरसाहेबांना (की बाईंना?) इतकं काम दिलंय की फिल्म पाहायची राहून जाईल. प्रश्न ३ कडे या.

आरोग्यक्षेत्रातले सदस्य गुण चुकवतात ते बहुतेक एकाच ठिकाणी. विषय मोठा म्हणून फिल्म मोठी ठरवतात. कर्करोगाने मेलेल्या मुलाची फिल्म तुम्हाला हलवते, ते श्रेय मुलाचं. दिग्दर्शकाने काय केलं ते वेगळं काढा. सोपी युक्ती: पहिली दोन मिनिटं आवाज बंद करून पाहा, मग दुसरी दोन मिनिटं डोळे मिटून फक्त ऐका. चित्र बंद असताना कोरडं निवेदन सोडून काहीच ऐकू येत नसेल, आणि आवाज बंद असताना चित्रांतून काहीच कळत नसेल, तर समजा चित्रं निवेदनावर चिकटवलेली आहेत. चांगल्या फिल्ममध्ये वॉर्डचा आवाज असतो. मॉनिटर, ट्रॉलीचं चाक, दूरचा खोकला.

पियानो किती वेळा रडायला सांगतो ते मोजा. ड्रोनने वरून दाखवलेली छावणी किती वेळा येते तेही. शेवटच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चार आकडे येतात तेव्हा स्वतःला विचारा, हे आकडे काढले तर फिल्म उभी राहते का? 'कलात्मकता' या रकान्यात तुम्हाला एवढंच भरायचंय. लेन्स आणि रंगांचं आम्ही बघतो.

'परिणाम' हा रकाना मला मान्यच नाही. परिणाम फिल्म लोकांत गेल्यावर होतो, आणि ज्यूरीतल्या पाच जणांना तो कसा दिसणार? तिथे सगळे अंदाजाने ८ टाकतात. बैठकीआधी सुचवा की तो रकाना काढा किंवा 'कुणासाठी बनवली ते कळतं का' असा करा.

दुसरं भांडण विभागांचं. तीन मिनिटांची हात धुण्याची जनजागृतीपर अ‍ॅनिमेशन फिल्म आणि ४० मिनिटांचा माहितीपट एकाच यादीत असतील तर न्याय होऊच शकत नाही. आपल्या मिफमध्ये (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) माहितीपट, लघुकथापट आणि अ‍ॅनिमेशन यांना वेगळे पुरस्कार असतात, त्याला कारण आहे. तुमच्या महोत्सवात तसं नसेल तर निदान चर्चा तरी गट पाडून करा.

आणि शेवटची_रांग, तुमच्या वाक्यं मोजण्याच्या पद्धतीला एक अपवाद. काही फिल्म परिचारिकेबद्दलच असतात. तिथे ती जास्त बोलणारच.

---

शेवटची_रांग

मान्य. मग तिला नाव, थकवा आणि चूक करायची मुभा आहे का ते बघायचं. देवदूत करून ठेवलेली परिचारिका हीसुद्धा वस्तूच.

---

ओपीडी_खोली_७

आभार सगळ्यांचे. (बाई आहे.) दोन गोष्टी राहिल्या. एकत्र बसण्याचा दिवस नेमका कसा चालवतात? आणि इतर चौघांना आवडलेल्या फिल्मवर उंबरठ्याची हरकत आली, तर मला नकाराधिकार मागावा का?

---

तिसरी_घंटा

नकाराधिकार मागू नका, बाई. एकाला दिला की दिग्दर्शकही मागतात, संकलकही, आणि मग उरते ती कुणालाच न खुपणारी फिल्म. त्याऐवजी पहिल्या अर्ध्या तासात ठरवून घ्या: इजेची किंवा संमतीची लेखी हरकत असलेल्या फिल्मला मुख्य पुरस्कारासाठी ५ पैकी ४ मतं लागतील, इतरांना ३. नियम फिल्मची नावं निघायच्या आधी ठरला पाहिजे. नंतर सुचवलात तर तो एका फिल्मविरुद्धचा डाव वाटतो.

दिवस असा. सकाळी प्रत्येकाने आपल्या पाच फिल्म चिठ्ठीवर लिहून द्यायच्या, बोलणं सुरू होण्याआधी. चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. एकाही चिठ्ठीवर नसलेल्या फिल्म बाजूला, पण कुणालाही एक फिल्म परत आणायचा हक्क. साधारण १० ते १२ उरतात. बोलायची सुरुवात दर फिल्मला वेगळ्या माणसाने करायची, अध्यक्षांनी शेवटी. सर्वांत नावाजलेला माणूस आधी बोलला की निम्मी ज्यूरी मान डोलावते. एका फिल्मला १० मिनिटं. जेवणानंतर ज्या दोन-तीन फिल्मवर अडलंय त्यांची वादाची दृश्यं पुन्हा मोठ्या पडद्यावर पाहा. तुम्ही टिपलेली मिनिटं-सेकंदं इथे कामाला येतात. मग गुप्त मतदान, क्रमांक पद्धतीने.

विशेष उल्लेख दोनच्या वर गेले की समजा ज्यूरीला निर्णय घेता आला नाही. हरलेल्यांची समजूत काढायला तो वापरू नका. वैद्यकीय त्रुटी असलेल्या फिल्मला 'विषय महत्त्वाचा' म्हणून उल्लेख देणं तर सर्वांत वाईट. फिल्मवर महोत्सवाचं मानचिन्ह लागतं आणि ती शाळांत दाखवली जाते.

मानपत्राचा मजकूर त्याच दिवशी लिहा, दोन-तीन वाक्यांचा. 'हृदयस्पर्शी', 'डोळ्यांत अंजन घालणारी' हे शब्द नकोत. फिल्ममध्ये काय केलंय ते लिहा: 'एकाही निवेदनाशिवाय रात्रपाळीचे बारा तास उभे करणाऱ्या ध्वनीसाठी.' दिग्दर्शकाच्या नावाचा उच्चार आयोजकांकडून रेकॉर्ड करून मागवा.

टिपणं स्वतःजवळ ठेवा, गुणपत्रिका आयोजकांना परत द्या. कुणी कुणाला मत दिलं ते बाहेर सांगायचं नसतं. पण न निवडलेल्या एखाद्या फिल्ममध्ये पेल्यातल्या पाकिटासारखी चूक असेल, तर निकालानंतर आयोजकांमार्फत दिग्दर्शकाला दोन ओळी जरूर पाठवा, मिनिट-सेकंदासह. सबटायटल किंवा एखादं दृश्य तेव्हाही बदलता येतं.